लघु रहस्यकथा: काय लपवायचे, कुठे ठेवायचे आणि कुणाकडे पाठवायचे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे सहा रहस्यकथा लिहून तयार आहेत, प्रत्येक कथा पाच-सहा हजार शब्दांची आहे. त्यांतल्या दोन गेल्या वर्षी दिवाळी अंकांकडे पाठवल्या, तेव्हा एका संपादकांनी "शेवट आधीच कळतो" असे कळवले आणि दुसऱ्यांनी "शेवट पटत नाही" असे. या कथा दुरुस्त कशा कराव्यात, पाठवाव्यात कुठे आणि त्यांचे हक्क कसे जपावेत, हे आपल्याला हवे आहे. मी बरीच वर्षे रहस्यकथा लिहितो आणि दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा निवडण्याचे कामही करतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसते ते सांगू शकेन.

ते दोन शेरे एकमेकांच्या विरुद्ध वाटले तरी त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. कादंबरीत लेखक वाचकाला चार ठिकाणी चकवू शकतो, कारण प्रत्येक चकवा उभा करायला आणि नंतर उलगडायला त्याच्याकडे पाने असतात. तीन-चार हजार शब्दांत एकच फसवणूक मावते. नवखा लेखक मात्र कादंबरीच्या सवयीने सहा संशयित, दोन खोटी पत्रे, एक हरवलेले मृत्युपत्र आणि एक जुने प्रेमप्रकरण एकाच कथेत घालतो. यांतल्या कशालाच पुरेशी जागा मिळत नाही. मग जिथे लेखकाने नकळत जास्त शब्द खर्च केलेले असतात तिथे वाचकाचे बोट बरोबर पडते आणि शेवट आधी कळतो, किंवा जिथे शब्द कमी पडलेले असतात तिथून उत्तर येते आणि शेवट पटत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक कथेसाठी एका कागदावर एकच वाक्य लिहून काढावे: या कथेत वाचक कोणती एक गोष्ट खरी समजून चालतो, जी खरी नाही? हे वाक्य लिहिता येत नसेल किंवा त्यात दोनदा "आणि" येत असेल, तर त्या कथेला अजून गाभा सापडलेला नाही असे समजावे.

ही एक गोष्ट लपवायची कशी, हा या कलेचा खरा प्रश्न आहे. ती अंधारात ठेवून चालत नाही. वाचकाला दिलेलीच नाही अशी माहिती शेवटच्या पानावर काढणे हा अन्याय आहे आणि मराठी वाचक तो विसरत नाही. इंग्लंडमध्ये १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यांतले बरेचसे आज कालबाह्य झाले असले, तरी तपास करणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे हा नियम अजून पक्का आहे. धागा उघड्यावरच ठेवायचा असतो, फक्त तो ज्या क्षणी वाचकाच्या हाती येतो त्या क्षणी त्याचे काम काहीतरी वेगळेच आहे असे वाचकाला वाटले पाहिजे.

हे नुसते सांगून कळत नाही, म्हणून एक कथानक उदाहरणादाखल जुळवून दाखवतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एक वृद्ध आत्या एकटी राहते. एका सकाळी ती अंथरुणात मृत सापडते. मुंबईचा भाचा आदल्या दिवशी तिला भेटायला आला होता आणि रात्री दहाच्या रातराणीने परत गेला. त्याच्याकडे तिकीट आहे आणि कंडक्टरलाही तो आठवतो. प्रत्यक्षात त्याने संध्याकाळी साडेपाचलाच तिच्या तोंडावर उशी दाबली आहे. आपण निघालो तेव्हा आत्या जिवंत होती असे भासवण्यासाठी तो पोलिसांना सांगतो, "आठ वाजता आत्यानं पिठलं-भात केला, आम्ही दोघं जेवलो. तिनं माझ्यापेक्षा जास्त भात खाल्ला, मला बरं वाटलं." हेच ते खोटे, कारण तो दिवस आषाढी एकादशीचा होता आणि आत्या एकादशीला अन्नाचे शीत तोंडात घालत नसे. मुंबईत वाढलेल्या भाच्याच्या ते ध्यानातच आलेले नाही.

आता हे वाचकाला द्यायचे कसे? "त्या दिवशी एकादशी होती" असे लिहिले की कथा तिथेच संपली, कारण मराठी वाचकाच्या डोक्यात एकादशी आणि भात यांची जोडी तात्काळ जुळते. म्हणून माहितीचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र काम द्यायचे. पहिल्या पानावर शेजारीण तक्रार करते की तालुक्याची दुपारची गाडी आलीच नाही, डेपोच्या निम्म्या गाड्या पंढरपूरला गेल्यात, त्यामुळे डॉक्टरांकडे जायचे राहिले. या वाक्याचे वरवरचे काम डॉक्टरांकडे जायचे का राहिले ते सांगण्याचे आहे, पण दिवस त्यात सांगून झाला. दुसरा तुकडा मधल्या भागात येतो. पोलीस पाटील आत्याचे कुणाशी वाकडे होते ते विचारतो, तेव्हा कळते की भाचीच्या लग्नात आत्या पंगतीला न बसता दोन केळी खाऊन उठली, उपास मोडायला तयार झाली नाही, आणि त्यावरून व्याह्यांकडे मोठा रुसवा झाला. वाचक ही हकीकत भाचीवरचा संशय म्हणून वाचतो. खरे तर त्यात आत्याचा कडकपणा सांगितला आहे. तिसरा तुकडा किराणावाल्याच्या वहीत: आत्याच्या नावावर परवाची उधारी म्हणून भगर, शेंगदाणे आणि तूप. पाटील वही पाहतो ती तिला किती देणे होते हे तपासायला. हे तिन्ही तुकडे भाच्याच्या जबानीच्या आधी येऊन गेले पाहिजेत, आणि जबानीतला भात प्रेमळ तपशिलासारखा वाचला गेला पाहिजे. त्यानंतर पाटलाला फक्त एक वाक्य बोलायचे उरते.

या रचनेत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की संशयित तीनच आहेत, खोटे एकच आहे, आणि ते खोटे सांगण्याला गुन्हेगाराकडे स्वतःचे सबळ कारण आहे. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ कथांत गुन्हेगार निष्कारण काहीतरी बोलून अडकतो; वाचकाला ते लगेच खटकते. खोटे बोलण्याने त्याला काय मिळणार होते, हे वाचकाला पटले तरच त्यातली चूक वाचकाला आवडते. दुसरे म्हणजे, हा धागा आपल्या घरातला आहे. लिपस्टिकचा डाग लागलेला ग्लास आणि शेकोटीतला अर्धवट जळालेला कागद यांवर परक्या भाषांतल्या कथांनी शंभर वर्षे काम केले आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावरची फेरफार नोंद आहे, भिशीची वही आहे, देवघरातले सुकलेले फूल आहे, सोसायटीच्या गेटवरचे रजिस्टर आहे, सुतकात कोण मंदिरात गेले आणि कोण नाही हे आहे. वारस नोंदीवर हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते, एवढ्या एका गोष्टीवर एक उत्तम कथा उभी राहू शकते आणि ती तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर बसलेल्या प्रत्येक वाचकाला समजेल.

लिहिण्याचा क्रम उलटा ठेवावा. आधी गुन्हा खरोखर कसा घडला ते वेळेनुसार सलग लिहून काढावे, अगदी चहा कधी झाला इथपर्यंत. मग गुन्हेगाराने जगाला काय सांगितले ते. आणि शेवटी तपास करणाऱ्याला कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने कळली ते. कथा फक्त तिसऱ्या कागदावरून लिहायची असते, पण पहिले दोन कागद नसतील तर तिसरा नेहमी लंगडा राहतो. तपास कोण करतो याचाही याच वेळी विचार व्हावा. आपल्या कायद्यात खासगी गुप्तहेराला कोणतेही अधिकार नाहीत. त्याला पोलीस घटनास्थळी येऊ देणार नाहीत आणि त्याच्या प्रश्नांना कुणी उत्तर देण्यास बांधील नाही. ज्या माणसाला तिथे असण्याचे कारणच आहे, तो लघुकथेत फार सोयीचा पडतो, कारण त्याच्या हजेरीचे समर्थन करण्यात पान खर्च होत नाही. पोलीस पाटील हा असाच माणूस आहे: १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने त्याला गावातल्या संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देण्याची जबाबदारी दिली आहे, त्याला गावातली सगळी भांडणे ठाऊक असतात, आणि तरी तो पूर्णपणे पोलीस नसतो. कुटुंबाचा डॉक्टर, बँकेतला शाखाधिकारी, पोस्टमन, सोसायटीचा सचिव यांचेही तसेच.

मराठीत लिहिताना एक अडचण येते जी इंग्रजी पुस्तके वाचून रहस्यकथा शिकणाऱ्यांना कुणी सांगत नाही. आपले क्रियापद लिंग उघड करते. "कुणीतरी जिना उतरून गेला" असे लिहिले की बाई संशयाच्या बाहेर गेली, आणि "गेली" लिहिले की पुरुष गेला. यावर "ती व्यक्ती आली, त्या व्यक्तीने दार लावले" असा मार्ग अनेक जण घेतात. चार ओळींत तो कृत्रिम वाटू लागतो आणि लेखक काहीतरी लपवतो आहे हे वाचकाला कळून चुकते. त्यापेक्षा वाक्याचा कर्ता माणूस न ठेवता वस्तू किंवा आवाज ठेवावा: "माडीवरची कडी निघाल्याचा आवाज झाला, पावले जिन्यावरून खाली आली आणि परसदार लोटले गेले." यात कर्ता लपवला आहे असे वाटत नाही, कारण अंधारात पडून असलेल्या माणसाला ऐकू येते तेही एवढेच. फोनवरच्या संभाषणात "मी येतो" की "मी येते" हा प्रश्न असाच सोडवावा लागतो. उलट याच व्याकरणाचा उपयोगही होतो. "साहेब येऊन गेले" या वाक्यात एक माणूस आदराने आला की दोघे आले हे कळत नाही, आणि साक्षीदाराच्या तोंडी असे वाक्य घातले तर एका निर्मळ माणसाच्या खऱ्या जबानीतूनच वाचकाची दिशाभूल होते. निवेदकाने खोटे बोलू नये. पात्रांनी बोलावे, आणि शक्यतो त्यांनीही खरेच बोलावे पण वाचकाने ते चुकीचे समजावे. ही सर्वांत उत्तम प्रतीची फसवणूक.

आता पोलिसी तपशिलाविषयी, कारण "शेवट पटत नाही" हा शेरा पुष्कळदा इथून येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाचे कलम आता ३०२ नसून १०३ आहे. त्यानंतर घडणाऱ्या कथेत फौजदार "तीनशे दोन लागेल" असे म्हणाला तर ते जुन्या सवयीचे बोलणे म्हणून खपेल, पण आरोपपत्रात ते खपणार नाही. संशयास्पद मृत्यू झाला की सहसा पहिल्याच तासात खुनाचा गुन्हा नोंदला जात नाही; आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाच्या स्थितीची लेखी नोंद) होतो, मग शवविच्छेदन. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असली की व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि त्याचा अहवाल यायला वेळ लागतो. हा उशीर लेखकाच्या फायद्याचा आहे. कथेतल्या माणसाला विचार करायला तेवढीच मोकळीक मिळते.

मृत्यूच्या वेळेबाबत तर विशेष जपावे. डॉक्टर "मृत्यू रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी झाला" असे सांगत नाहीत. शरीराचा ताठरपणा आपल्या हवेत मृत्यूनंतर दोन-तीन तासांत चेहऱ्यापासून दिसू लागतो, साधारण बारा तासांत सर्व अंगभर येतो आणि पुढे हळूहळू ओसरतो. उन्हाळ्यात तो लवकर येतो आणि लवकर जातो. त्यावरून काही तासांचा पट्टा सांगता येतो, घड्याळातला काटा नाही. वरच्या कथानकात डॉक्टरांनी संध्याकाळी पाच ते रात्री बारा असा पट्टा दिला तर ते खरे वाटेल, आणि त्या पट्ट्यातच भाच्याचे खोटे महत्त्वाचे ठरते. जठरात काय सापडले हेही शवविच्छेदनात नोंदले जाते; म्हणून माझ्या उदाहरणात पाटलाने आधी तर्काने उत्तर गाठले पाहिजे आणि अर्धवट पचलेले शेंगदाणे व भाताचा अभाव यांनी नंतर त्याला दुजोरा दिला पाहिजे. क्रम उलटा झाला तर रहस्य डॉक्टरांनी सोडवले असे होईल आणि पाटील बिनकामाचा ठरेल.

याच ओघात शेवटाबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक कथा एकाच प्रकारे संपतात: सर्वांना दिवाणखान्यात जमवले जाते, तपास करणारा बोट दाखवतो आणि गुन्हेगार कोसळून "होय, मीच केले" असे म्हणतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या दृश्याला किंमत नाही, आणि कथेच्या दृष्टीने तर ते आळसाचे लक्षण आहे, कारण धागे पुरेसे नव्हते म्हणूनच कबुलीची गरज पडली. त्याच कलमात एक अपवाद मात्र आहे: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा भाग सिद्ध करता येतो. विहिरीतून काढलेली किल्ली, उकिरड्यात पुरलेला मोबाइल, गहाण ठेवलेली पाटली अशा वस्तूवर कथा संपवली तर कायदाही सांभाळला जातो आणि वाचकाच्या नजरेसमोर काहीतरी ठोस येते. तर्क सिद्ध झाल्यावर दीडशे-दोनशे शब्दांत कथा थांबली पाहिजे. त्यापुढे स्पष्टीकरण लांबत असेल तर काहीतरी आधी सांगायचे राहून गेले आहे.

काही गोष्टी मला छापाव्याशा वाटत नाहीत आणि इतर संपादकांनाही वाटत नसाव्यात. घरकामाच्या बाईला किंवा परप्रांतीय रखवालदाराला गुन्हेगार ठरवणे, मनोरुग्णाला खुनी ठरवून हेतूचा प्रश्न टाळणे, जुळा भाऊ, शेवटी सगळे स्वप्न निघणे. अलीकडे घडलेला खरा गुन्हा नावे बदलून उतरवण्याचा मोहही टाळावा. त्यातल्या कुटुंबांना तो लगेच ओळखू येतो, बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पाठवण्यापूर्वी कथा अशा चार-पाच जणांना वाचायला द्यावी जे आपले फारसे लाडके नाहीत. शेवटची दोन पाने काढून घ्यावीत आणि त्यांना लिहून द्यायला सांगावे: कोणी केले, कशावरून? सगळ्यांनी बरोबर ओळखले तर धागा फार ठळक आहे. कुणीच ओळखले नाही आणि शेवट वाचल्यावरही "हे कुठे होते?" असे विचारले, तर धागा दिलेलाच नाही. शेवट वाचून वाचक स्वतःहून मागची पाने उलटू लागला की कथा तयार झाली. आपल्या दोन्ही परत आलेल्या कथांवर हा प्रयोग आधी करावा, म्हणजे कोणत्या शेऱ्याचे कारण नेमके कुठे आहे ते हाती लागेल.

आता प्रकाशनाकडे वळतो. लघु रहस्यकथेचा जन्मच मासिकांत झाला. एडगर ॲलन पो यांची १८४१ सालची पहिली गुप्तहेरकथा एका अमेरिकन मासिकात आली, आणि शेरलॉक होम्सच्या लघुकथा लंडनच्या 'स्ट्रँड'मध्ये जुलै १८९१ पासून येऊ लागल्या. दर अंकात पूर्ण होणारी कथा आणि तोच नायक, ही सोय मासिकाच्या वाचकासाठी होती. मराठीत मात्र रहस्यकथा लोकप्रिय झाली ती छोट्या पुस्तकांतून. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर पुस्तके लिहिली आणि ती वाचनालयांतून घरोघर गेली. त्या परंपरेने वाचकाला वेग, पाठलाग आणि वेषांतराची गोडी लावली. तर्कावर उभ्या असलेल्या छोट्या कथेसाठी आपल्याकडे मुख्य जागा उरते ती दिवाळी अंकाची. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही संस्था आजही नव्या लेखकासाठी सर्वांत चांगले दार आहे.

'धनंजय', 'नवल', 'चंद्रकांत' यांसारख्या अंकांनी रहस्य, गूढ, भय आणि विज्ञान या प्रकारांना दीर्घकाळ जागा दिली आहे. पाठवण्याआधी त्या त्या अंकाचे मागील दोन वर्षांचे अंक वाचनालयातून आणून वाचावेत. अतर्क्य घटना अतर्क्यच राहणाऱ्या कथा एखाद्या अंकाला जास्त हव्या असतील, तर आपली तर्कनिष्ठ कथा तिथे चांगली असूनही बसणार नाही. सर्वसाधारण वाङ्मयीन अंकही एखादी रहस्यकथा घेतात, पण तिथे माणसे रंगवलेली हवीत.

वेळापत्रकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अनेक अंकांची जुळवाजुळव मे-जूनमध्ये सुरू होते आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या मध्यापर्यंत मजकूर निश्चित होतो. गणपतीनंतर आलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला पान नसते. आपल्या कथा पाच-सहा हजार शब्दांच्या आहेत. अनोळखी लेखकाला तेवढी जागा देणे संपादकाला जड जाते, तीन-साडेतीन हजारांच्या कथेला ती सहज दिली जाते. कथा युनिकोडमध्ये टंकलेली असावी, वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडावी म्हणजे जोडाक्षरे मोडली तर पडताळता येते, आणि पत्रात चारच गोष्टी असाव्यात: कथेचे नाव, शब्दसंख्या, ती स्वतंत्र आणि अप्रकाशित असल्याचे निवेदन, संपर्क. पत्रात कथेचा सारांश लिहून रहस्य फोडू नये. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप गटात टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित मानतात. एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे द्यावी. दोन अंकांत एकच कथा आली तर दोन्ही दारे बंद होतात. ऑगस्टअखेर काहीच कळले नाही तर नम्र स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही. मानधन अंकागणिक वेगळे असते, काही ठिकाणी फक्त अंकाची प्रत मिळते. कथा स्वीकारल्याचे कळल्यावर ते विचारण्यात संकोच करू नये.

हक्कांविषयी कायदा लेखकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कायदा मानतो. त्यामुळे दिवाळी अंकात कथा छापून आली म्हणजे हक्क गेले, ही भीती निराधार आहे. भीती बाळगावी ती लेखी अटींची. कथास्पर्धेच्या नियमांत "प्रवेशिकेचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील" असे वाक्य असेल, तर हरलेली कथासुद्धा आपण देऊन बसतो. चांगली मागणी इतकीच: या अंकात एकदा छापण्याची परवानगी, बाकी हक्क लेखकाकडे. कल्पनेला संरक्षण नसते, मांडणीला असते. म्हणून उशीने केलेला खून कुणाच्याही मालकीचा नाही, पण आपले परिच्छेद आपले आहेत.

श्राव्य माध्यमांनी गेल्या काही वर्षांत मराठी रहस्यकथेला मोठा श्रोता मिळवून दिला आहे. पुस्तके ऐकण्याचे ॲप स्टोरीटेल भारतात २०१७ मध्ये आले तेव्हापासून मराठी त्याच्या मुख्य भाषांपैकी एक आहे. श्राव्य हक्क नेहमी वेगळे ठेवावेत आणि वेगळे विकावेत. कथाही थोडी वेगळी बांधावी लागते, कारण श्रोता मागचे पान उलटू शकत नाही. चिठ्ठीतली शुद्धलेखनाची चूक, नकाशा किंवा आकड्यांची अदलाबदल यांवर उभे असलेले रहस्य कानाला पोचत नाही. एकादशीचा भात मात्र पोचतो.

लेखकाकडून पैसे घेऊन "निवडक कथा" छापणारे आणि वर पंचवीस प्रती विकत घ्यायला लावणारे संग्रह आपल्याला लवकरच गाठतील. तिथे कथा देऊ नये; ती प्रकाशित ठरते आणि वाचकाकडे पोहोचत नाही. स्वतःचा संग्रह काढायचा तर किमान बारा कथा आणि शक्य तर एकच तपास करणारा माणूस, मग प्रकाशकाला पुस्तक समजावून देणे सोपे जाते. स्वतः प्रकाशित करण्याची वेळ आली तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो; तो मिळवून देण्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्यांना नकार द्यावा.

आपल्या सहा कथांपैकी ज्या कथेचे खोटे एका वाक्यात लिहिता येईल तीच आधी घ्यावी, संशयित तीनवर आणावेत, साडेतीन हजारांत बसवावी आणि मे महिन्यात एकाच अंकाकडे पाठवावी. उरलेल्या पाचांतले आवडते धागे जपून ठेवावेत. एका गर्दीच्या कथेतून पुष्कळदा दोन नीट कथा निघतात.